सूर्य दरवर्षी वेळेवर येतो, मग पाऊसच का चुकतो?

आपल्याकडे २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो. सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस भुसावळ, जळगाव, चोपडा, शिरपूर ह्या पट्ट्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय राहत नाही, केळीची पानं करपतात, ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी कशीबशी तग धरून असते. मग ७-८ जूनला मृग, पुढे २१-२२ ला आर्द्रा. ह्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात, फार तर एक दिवस इकडे तिकडे, कारण नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून मोजतात आणि सूर्य त्या जागी दरवर्षी त्याच वेळेला दिसतो. पाऊस मात्र एखाद्या वर्षी मृगातच नाले काढतो आणि एखाद्या वर्षी आर्द्रा संपत आल्या तरी ढेकूळ फुटत नाही. सूर्य जर वेळेवर येतोय, तेवढाच तापतोय, तर मग बदलतंय काय? माझ्या मते आपल्या भागात हवामानाबद्दल विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर समुद्राच्या पाण्यात आहे.

आधी एक गोष्ट बघा जी कोणालाही अंगणात उभं राहून तपासता येईल. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायातच गायब होते. एकदा २५ मेच्या आसपास म्हणजे नवतपा लागतो तेव्हाच, आणि दुसऱ्यांदा १७-१८ जुलैच्या आसपास, सूर्य दक्षिणेकडे परत जाताना. दोन्ही दिवशी सूर्य तोच, कोन तोच, दिवसाची लांबीही जवळपास तीच. पण मेमधल्या त्या दिवशी पारा ४३-४४ ला असतो आणि जुलैतल्या दिवशी ३०-३२ ला, हवेत दमटपणा, आभाळ भरलेलं. मधल्या पावणेदोन महिन्यांत सूर्यात काहीच फरक पडलेला नाही, फरक पडला तो समुद्रावरून आलेल्या वाफेचा. ढग उन्हाचा मोठा भाग परत वर पाठवतात, ओली जमीन उरलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात घालवते, आणि तापमान दहा-बारा अंशांनी खाली येतं.

"नवतपा चांगला तपला की पाऊस चांगला" असं जुनी माणसं म्हणतात आणि त्यात थोडं तथ्य आहे, जमीन तापली की हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचा वारा जमिनीकडे ओढला जातो. पण ही ओढ तयार करायला सगळा उत्तर भारत, पाकिस्तान, वर तिबेटचं पठार एवढा मोठा प्रदेश तापावा लागतो, एकट्या तापीच्या खोऱ्यात नऊ दिवस ऊन पडून काही ठरत नाही. आणि वारा ओढला गेला तरी तो वारा सोबत किती पाणी आणतो हे समुद्र किती तापलाय आणि कुठे तापलाय ह्यावर असतं.

समुद्र आणि जमीन एकाच उन्हात वेगळी का वागतात हे मेच्या दुपारी शेतात लगेच कळतं. पंपाच्या खोलीवरच्या पत्र्याला हात लावून बघा आणि मग विहिरीच्या पाण्यात हात घाला. पत्रा भाजतो, पाणी गार. रात्री तोच पत्रा थंड पडतो आणि पाण्याचं तापमान फारसं हलत नाही. पाणी तापवायला उष्णता खूप लागते, एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी लागते तेवढ्यात एक किलो माती चार-पाच अंशांनी तापेल. शिवाय ऊन समुद्रात कित्येक मीटर खोलवर शिरतं आणि लाटा ते पाणी खालीवर घुसळत राहतात, म्हणजे उष्णता खोलवर साठत जाते. पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्राखाली आहे. समुद्राच्या वरच्या नुसत्या तीनेक मीटर थरात जेवढी उष्णता मावते तेवढी पृथ्वीभोवतीच्या सगळ्या हवेत मिळून मावते. म्हणूनच गेल्या काही दशकांत पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकलीय तिच्यातली नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त समुद्रात गेलीय, हवेच्या वाट्याला एखाद-दोन टक्केच आलेत. आपण तापमानवाढ म्हणून जी अंगावर घेतो ती त्या साठ्याची नुसती कड आहे.

आता ह्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतात कसं, कारण आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर ते कुठून आले हे माहीत पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी जहाजावरून बादली सोडायची, पाणी वर ओढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. बादली आधी लाकडाची असायची, नंतर कॅनव्हासची, आणि कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी वर येईपर्यंत वाऱ्याने थोडं थंड व्हायचं, माठातलं होतं तसंच, म्हणजे आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी यायचा. पुढे जहाजाच्या इंजिनात जे समुद्राचं पाणी घेतात तिथेच मोजायला लागले, तर तिथे इंजिनाच्या उष्णतेने आकडा थोडा जास्त यायला लागला. ह्या दोन्ही चुका शास्त्रज्ञांनी नीट अभ्यास करून दुरुस्त केल्यात. १९८० च्या सुमारापासून उपग्रह आले, समुद्रात तरंगती यंत्रं आली, आणि २००० नंतर आर्गो नावाची यंत्रं सोडली गेली जी दोन हजार मीटरपर्यंत खाली जातात आणि साधारण दहा दिवसांनी वर येऊन सगळी माहिती उपग्रहाला देतात. जगभरच्या समुद्रात अशी चार हजारांच्या आसपास यंत्रं फिरतायत, आणि आपल्याकडचं त्यांचं काम हैदराबादची इन्कॉइस संस्था बघते. कोणी म्हणालं की समुद्र तापतोय हे नुसतं कॉम्प्युटरचं गणित आहे, तर त्याला ह्या यंत्रांबद्दल सांगा.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. आपल्या पावसाशी सगळ्यात जास्त खेळणारा समुद्र आपल्यापासून फार लांब आहे, प्रशांत महासागर, विषुववृत्ताजवळचा. तिथे एरवी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात, तिकडे पेरू देशाच्या किनाऱ्याला खालून थंड पाणी वर येत राहतं. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे ढिले पडतात, गरम पाणी पूर्वेकडे सरकतं आणि मधला, पूर्वेचा प्रशांत नेहमीपेक्षा तापतो, हाच एल निनो. गरम पाणी जिथे असेल तिथे हवा वर चढते आणि ढग जमतात, आणि एका ठिकाणी हवा वर चढली की दुसरीकडे तिला खाली यावंच लागतं. एल निनोच्या वर्षी ही खाली दाबणारी बाजू बऱ्याचदा आपल्या भागावर येते, ढग वाढूच देत नाही. बारा-पंधरा हजार किलोमीटरवरचं पाणी एखाद अंशाने जास्त तापतं आणि पारोळ्यातल्या कपाशीला पाणी कमी पडतं, असा सगळा सरळ संबंध आहे.

१९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही आठवतो, रोजगार हमीची कामं, खडी फोडणं, सुकडीचं वाटप. त्या वर्षी मोठा एल निनो होता आणि देशाचा मान्सून सरासरीच्या ७६ टक्क्यांवर थांबला होता. २००२ ला ८१ टक्के, २००९ ला ७८, २०१५ ला ८६, ह्या सगळ्या वर्षी एल निनो होता. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट, आणि तेव्हाही प्रशांत तापलेलाच होता.

मग सूर्याचं काय? सूर्यावर काळे डाग येतात हे दुर्बीण आल्यापासून म्हणजे १६१० च्या सुमारापासून माणसं बघतायत. १८४३ मध्ये श्वाबे नावाच्या जर्मन माणसाने, जो आधी औषधाचं दुकान चालवायचा, वर्षानुवर्षं डाग मोजून दाखवून दिलं की ते ठराविक चक्राने वाढतात आणि कमी होतात, हे चक्र साधारण ११ वर्षांचं आहे. आणि इथून पुढची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. १८७६ ते १८७८ मध्ये दख्खन आणि मद्रास भागात भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. तेव्हा हंटर हा ब्रिटिश अधिकारी आणि लॉकियर हा खगोलशास्त्रज्ञ ह्यांनी १८७७ मध्ये मांडलं की भारतातले दुष्काळ सूर्यावरचे डाग कमी होतात तेव्हा पडतात. दुष्काळाचं भाकीत करायचं तर सूर्याचा अभ्यास करायला पाहिजे हा विचार पुढे पसरत गेला आणि त्यातूनच कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली, तिची स्थापना १८९९ ची, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती सूर्याची नोंद ठेवतेय. वेधशाळेने सूर्याबद्दल मोलाचं काम केलं, शंभर वर्षांहून जास्त काळाचे फोटो तिच्याकडे आहेत, पण दुष्काळाचं उत्तर तिथून मिळालं नाही. आज आपल्याला माहितीय की १८७७-७८ ला प्रशांतात प्रचंड मोठा एल निनो होता. माणसं वर सूर्याकडे बघत होती आणि कारण दुसऱ्या समुद्रात होतं. अर्थात तेव्हाच्या सरकारने दुष्काळातही धान्य बाहेर पाठवलं, त्याचा दोष कुठल्याच समुद्रावर टाकता येणार नाही.

हे धागे हळूहळू जुळवले ते गिल्बर्ट वॉकर ह्यांनी. १९०४ ते १९२४ ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते, मूळचे गणितज्ञ. त्यांनी जगभरच्या पावसाचे, दाबाचे आकडे हाताने जुळवून बघायला लावले, सूर्यडागांशीही संबंध लावून बघितला आणि तो फार कमजोर निघाला. पण प्रशांताच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे कमी होतो, असा झोका मात्र त्यांना पक्का सापडला. त्या झोक्याच्या मुळाशी समुद्राचं तापमान आहे हे समजायला पुढे १९६० चं दशक उजाडलं.

सूर्यडागांची गोष्ट तुम्ही स्वतः पण तपासू शकता. २००२ च्या दुष्काळात सूर्य डागांनी भरलेला होता, चक्राचं शिखर नुकतंच होऊन गेलेलं. २००९ च्या दुष्काळात सूर्य जवळपास कोरा होता, आठवडेच्या आठवडे डागच नाही. सूर्याची हालत एकदम उलटी आणि पाऊस दोन्ही वेळा दगाबाज, समान काय तर एल निनो.

असं का होतं हे आकड्यांत बघूया, सोपं आहे. पृथ्वीच्या वातावरणावर सूर्याची जी ऊर्जा थेट येऊन पडते ती दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट. ११ वर्षांच्या चक्रात ती फक्त १ वॅटच्या आसपास वरखाली होते, म्हणजे ०.१ टक्का. पृथ्वी गोल आहे, अर्ध्या भागात रात्र असते, तीसेक टक्के ऊन ढग आणि बर्फ परत पाठवतात, हे सगळं वजा केलं तर प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला येणारा फरक ०.२ वॅटपेक्षाही कमी उरतो. ह्याने जगाच्या सरासरी तापमानात साधारण ०.१ अंशाचा फरक पडतो आणि तोही चक्राबरोबर परत खाली येतो. दुसऱ्या बाजूला कोळसा, डिझेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) वर गेलाय, एकट्या त्याने अडकणारी ऊर्जा दर चौरस मीटरला २ वॅटच्या वर आहे आणि ती ११ वर्षांनी कमी होत नाही. अजून एक गंमतीची गोष्ट, डाग जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित जास्त प्रकाश देतो, कारण डागांच्या आजूबाजूला जे तेजस्वी पट्टे असतात ते डागांचा काळोख भरून काढून वर उरतात.

१९७८ पासून उपग्रह सूर्याची ही ऊर्जा थेट मोजतायत. तेव्हापासून ती चक्राप्रमाणे वरखाली झालीय पण एकूण वाढलेली नाही, उलट २४ वं चक्र, २००८ ते २०१९ चं, शंभर वर्षांतलं सगळ्यात कमजोर होतं. आणि त्याच काळात समुद्र आणि जमीन तापतच गेली. सूर्य जबाबदार असता तर हवेचे सगळे थर तापले असते, खालचाही आणि वीस-तीस किलोमीटरवरचाही. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. हे सूर्याने होत नाही, उष्णता खाली अडकली की होतं. माझ्यासाठी तरी हा पुरावा सगळ्यात पक्का आहे, कारण ह्यात दोन्ही कारणांची भाकितं एकमेकांच्या उलट आहेत आणि मोजमापाने सरळ एकाच्या बाजूने निकाल दिलाय.

मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं होतं, लडाखमध्ये आकाश लाल झालेलं दिसलं, आणि असं काही झालं की "सूर्य भडकलाय म्हणून ऊन वाढलंय" असे मेसेज फिरायला लागतात. सौर वादळ म्हणजे सूर्यातून सुटलेले कण आणि चुंबकीय क्षेत्र, त्याने उपग्रह, रेडिओ, वीजवाहिन्या ह्यांना त्रास होतो, पण तुमच्या गावातल्या दुपारच्या पाऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही. आपलं आदित्य एल-१ यान सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि जानेवारी २०२४ पासून जागेवर आहे, ते ह्याच वादळांवर लक्ष ठेवतंय.

एक शंका बरेच शिकलेले लोक पण काढतात आणि ती चांगली शंका आहे. समुद्र तापतो तो उन्हाने, हरितगृह वायूंची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता अडकवणाऱ्या वायूंची, उष्णता पाण्यात मिलिमीटरभर पण शिरत नाही, मग त्या वायूंनी समुद्र कसा तापेल? बरोबर आहे, उष्णता येते ती सूर्याकडूनच. पण समुद्र ती धरून ठेवत नाही, वाफेतून आणि अदृश्य किरणांतून सतत वर सोडत असतो. वरची हवा जास्त उष्णता खाली परत पाठवायला लागली की समुद्राचं हे सोडणं मंदावतं. आवक तेवढीच, जावक कमी, म्हणजे शिल्लक वाढत जाते. सूर्य आवक देतो, शिल्लक किती ते वायू ठरवतात.

सूर्याचा प्रभाव नाहीच असं मात्र कोणी समजू नका. ऋतू त्याच्याचमुळे आहेत. ह्या घडीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ३-४ जानेवारीच्या आसपास, तेव्हा जुलैपेक्षा सातेक टक्के जास्त ऊर्जा मिळते, तरी आपल्याकडे तेव्हा कडाका असतो, कारण अंतरापेक्षा अक्षाचा कल भारी पडतो. पण ही सगळ्यात जवळची तारीख हजारो वर्षांत सरकत जाते. दहाएक हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेकडच्या उन्हाळ्यात यायची, तेव्हा आपला मान्सून आजच्यापेक्षा जोरदार होता आणि सहारात गवत, तळी होती. हे बदल इतके हळू चालतात की नातवा-पणतवाच्या आयुष्यात पण जाणवणार नाहीत.

आता आपल्या जवळचा समुद्र, अरबी. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल ह्यांच्या गटाने दाखवलंय की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ मध्ये साधारण १.२ अंशांनी तापला, बाकी उष्ण कटिबंधातल्या समुद्रांपेक्षा जास्त. ह्याचे दोन उलटसुलट परिणाम होतात. समुद्र तापला की जमीन आणि समुद्रातला फरक कमी होतो, मग मान्सूनची ओढ थोडी ढिली पडते. पण तापलेल्या समुद्रावरची हवा जास्त वाफ धरते, एका अंशाला साधारण ७ टक्के जास्त, म्हणून पाऊस आला की एकदम ओततो. त्याच गटाच्या अभ्यासात १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं आढळलंय. आठ-पंधरा दिवस कोरडे आणि मग एका रात्रीत शंभर मिलीमीटर, ही जी आपली तक्रार असते तिच्यामागे हेच आहे. वार्षिक बेरीज सरासरीएवढी दिसते आणि शेत मात्र आधी वाळतं आणि मग वाहून जातं. सह्याद्रीच्या पलीकडे असल्याने आपल्याला मुळात ६००-७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, बराचसा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे मध्य प्रदेश ओलांडून आले तर मिळणारा, त्यात ही ओढाताण.

चक्रीवादळं पण वाढलीत. जून २०२३ ला बिपरजॉय अरबी समुद्रात रेंगाळलं, वाफ तिकडे खेचली गेली आणि महाराष्ट्रात मान्सून पुढे सरकायला उशीर झाला. २०१९ ला क्यार आणि महा अशी दोन वादळं लागोपाठ आली, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तो पाऊस ज्याने बोंडं काळी पाडली आणि मक्याच्या कणसांना कोंब आणले, तो विसरणं शक्य नाही.

त्या २०१९ ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली आणि सुमात्राकडची थंड होती, ह्याला धन असलेला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात आणि तो आपल्या पावसाला मदत करतो. १९९७ ला एवढा जबरदस्त एल निनो असून मान्सून सरासरी गाठून गेला, त्यात ह्याच द्विध्रुवाचा हात होता असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. म्हणून नुसतं "औंदा एल निनो आहे" ऐकून घाबरायचं नाही, दुसरा समुद्र काय करतोय ते पण बघायचं.

हवामान खातं एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज देतं आणि मेच्या शेवटी सुधारित. त्यात ह्या दोन्ही समुद्रांची स्थिती लिहिलेली असते, टीव्हीवर फक्त टक्केवारी सांगतात, पण खरा माल त्या दोन परिच्छेदांत असतो. ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरी, आणि ती सगळ्या देशाची, ८७ सेंटीमीटरच्या तुलनेत. त्यावरून अमळनेरला किंवा साक्रीला काय होईल हे निघत नाही. आपल्यासाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज जास्त कामाचा, कारण मधले खंड त्यात दिसायला लागतात. आणि पेरणी मृगाची तारीख बघून करू नका भो, तारीख सूर्याची आहे. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय कोरडवाहू रानात बियाणं टाकायचं नाही असं कृषी खातं सांगतं, तेवढं पाळलं तरी बरीचशी दुबार पेरणी टळते.